आधी कुलूप, मागून आराखडा: दक्षिण आफ्रिकेतील कोमाटी वीजकेंद्राचे प्रकरण

३१ ऑक्टोबर २०२२ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतातील कोमाटी या औष्णिक वीजकेंद्राचा शेवटचा चालू संच कायमचा बंद करण्यात आला. त्यानंतर पाच दिवसांच्या आत जागतिक बँकेने या केंद्राच्या पुनर्वापरासाठी ४९.७ कोटी डॉलरचा प्रकल्प मंजूर केला आणि त्याच महिन्यात इजिप्तमधील शर्म अल-शेख येथे भरलेल्या हवामान परिषदेत, कोळशापासून दूर जाऊ पाहणाऱ्या विकसनशील देशांसाठी नमुना म्हणून कोमाटीचे नाव घेतले जाऊ लागले. वर्षभरात चित्र पालटले. त्याच देशाचे मंत्री या बंदीवर जाहीर टीका करू लागले, आणि ज्या तीन केंद्रांची पाळी त्यानंतर होती त्यांची बंदी लांबणीवर पडली.

हवामान बदलाशी झुंजताना विकासही टिकवायचा, हे उद्दिष्ट आता बहुतेक सर्व देशांना तत्त्वतः मान्य आहे. अडचण येते ती एखादे प्रत्यक्ष केंद्र, त्यातले प्रत्यक्ष कामगार आणि त्यासाठी आलेले प्रत्यक्ष कर्ज समोर असते तेव्हा. कोमाटी हे अशा अंमलबजावणीचे पहिले मोठे प्रकरण असल्यामुळे ते बारकाईने पाहणे गरजेचे आहे. केंद्र बंद करण्याचा निर्णय योग्य होता, पण त्याचा क्रम चुकला, असे माझे मत आहे. आणि क्रम चुकण्यामागे पैसा किती आला यापेक्षा तो कोणत्या प्रकारचा आला, हे कारण मोठे आहे.

कोळशावर उभा असलेला प्रांत

दक्षिण आफ्रिकेतील विजेपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक वीज कोळशापासून तयार होते, आणि ती तयार करणाऱ्या एस्कॉम या सरकारी कंपनीची बहुतेक कोळसा केंद्रे एकट्या म्पुमलांगा प्रांतात आहेत. एस्कॉमची स्थापना १९२३ सालची. सोन्याच्या खाणी आणि त्यांच्यामागून आलेले अवजड उद्योग यांना स्वस्त वीज पुरवणे हे तिचे मूळ काम होते, आणि त्यासाठी खाणीच्या तोंडाशीच वीजकेंद्र उभारण्याची पद्धत रूढ झाली. खाण, केंद्र, वसाहत, ट्रकची वाहतूक, दुरुस्तीच्या कार्यशाळा, खानावळी आणि छोटी दुकाने अशी एक साखळी प्रत्येक ठिकाणी तयार झाली, जिचे पहिले कडे निखळले की बाकीची आपोआप सुटी होतात. देशात कोळसा खाणींमध्ये थेट काम करणाऱ्यांची संख्या सुमारे नव्वद हजार आहे, आणि हे सर्व अशा देशात आहे जिथे कोमाटी बंद झाले त्या सुमारास बेरोजगारीचा दर बत्तीस टक्क्यांच्याही वर गेलेला होता. नोकरी गेली तर दुसरी शोधावी, हा सल्ला तिथे निरर्थक ठरतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या प्रांतातील हायवेल्ड पठारावरील हवा इतकी प्रदूषित आहे की सरकारने २००७ मध्येच तो भाग विशेष लक्ष देण्याचे क्षेत्र म्हणून घोषित केला होता. त्यानंतरही काही हालले नाही, म्हणून पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या. मार्च २०२२ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला की ही हवा तेथील रहिवाशांच्या, आरोग्यास अपायकारक नसलेल्या पर्यावरणाच्या घटनादत्त हक्काचा भंग करते. म्हणजे ज्या धुरांड्यांवर लोकांची चूल पेटते, त्याच धुरांड्यांमुळे त्यांच्या मुलांना दमा होतो. कोळसा हवा की नको, असे त्या लोकांना विचारणे हाच मुळात अन्याय आहे, कारण दोन्ही उत्तरांची किंमत त्यांनीच मोजायची असते.

एक म्हातारे केंद्र

कोमाटीचा पहिला संच १९६१ मध्ये सुरू झाला आणि नववा १९६६ मध्ये. पाच संच प्रत्येकी १०० मेगावॅटचे, चार प्रत्येकी १२५ मेगावॅटचे, अशी त्याची एकूण क्षमता १,००० मेगावॅट होती. १९९० मध्ये, देशात वीज गरजेपेक्षा जास्त असताना, ते पूर्णपणे बंद ठेवण्यात आले. २००८ च्या सुमारास वीजटंचाई सुरू झाली तेव्हा हीच जुनी यंत्रसामग्री दुरुस्त करून एकेक संच पुन्हा चालू केला गेला, आणि ते काम २०१३ पर्यंत चालले. पण वयाला उपाय नव्हता. संच एकामागून एक निकामी होत गेले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये चालू असलेल्या एकमेव संचातून जेमतेम १२१ मेगावॅट वीज निघत होती. साठी ओलांडलेल्या केंद्राचे आयुष्य आणखी वाढवायचे, तर दुरुस्तीवर होणारा खर्च मिळणाऱ्या विजेच्या तुलनेत परवडणारा नव्हता.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण कोमाटी हवामानासाठी बळी दिले गेले असे नंतर म्हटले जाऊ लागले. ते खरे नाही. एस्कॉमला हे केंद्र त्या सुमारास बंद करावेच लागणार होते. हवामान धोरणाने या प्रकरणात आणलेली नवी गोष्ट म्हणजे बंदीनंतर काय, या प्रश्नाला पैसा आणि योजना जोडण्याची शक्यता. आणि बंदीची वेळ अनेक वर्षे आधीपासून ठाऊक होती, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे पुढे झालेल्या उशिराला फारशी सबब उरत नाही.

ग्लासगोची घोषणा आणि तिच्यातील पैसा

२ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगो येथील हवामान परिषदेत दक्षिण आफ्रिका, फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका आणि युरोपीय संघ यांनी न्याय्य ऊर्जा संक्रमण भागीदारी जाहीर केली. तीन ते पाच वर्षांत ८.५ अब्ज डॉलर उभे करायचे, त्यातून कोळशाची केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद करायची, नवीकरणीय ऊर्जा वाढवायची, आणि हे करताना कामगार व त्यांच्या वस्त्या मागे पडू द्यायच्या नाहीत, असा तिचा आशय होता. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगन येथे वर्षाला १०० अब्ज डॉलरचे दिलेले वचन ठरलेल्या मुदतीत, म्हणजे २०२० पर्यंत, पाळले नव्हते. त्या पार्श्वभूमीवर एका विशिष्ट देशाशी, विशिष्ट कामासाठी, विशिष्ट रकमेचा करार होणे ही नवी वाट होती. पुढे इंडोनेशिया, व्हिएतनाम आणि सेनेगल यांच्याशीही याच साच्यात करार झाले. दक्षिण आफ्रिकेचे काम म्हणूनच केवळ तिचे राहिलेले नव्हते.

वर्षभराने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, अध्यक्ष सिरिल रामाफोसा यांच्या सरकारने गुंतवणूक आराखडा प्रसिद्ध केला तेव्हा या ८.५ अब्जांची फोड लोकांसमोर आली. त्यात सवलतीची कर्जे पाच अब्जांहून अधिक होती, व्यापारी दराची कर्जे दीड अब्ज, आणि हमी सव्वा अब्जाच्या थोडी वर. अनुदान, म्हणजे परत न करण्याचा पैसा, सुमारे ३३ कोटी डॉलर होता. एकूण रकमेच्या तो चार टक्क्यांच्या आसपास येतो.

इथे थोडे थांबायला हवे, कारण साऱ्या प्रकरणाची किल्ली या चार टक्क्यांत आहे. कर्ज वाईट असते असे मला म्हणायचे नाही. फ्रान्स आणि जर्मनी यांनी प्रत्येकी ३० कोटी युरोची जी कर्जे त्या वेळी दिली, त्यांचे व्याज दक्षिण आफ्रिकेला देशांतर्गत बाजारात पडणाऱ्या व्याजापेक्षा बरेच कमी होते, आणि सौर प्रकल्पासाठी असे कर्ज घेणे शहाणपणाचेच आहे. प्रकल्पातून वीज विकली जाते आणि त्यातून हप्ता फिटतो. पण ट्रकचालकाला नवे कौशल्य शिकवणे, पन्नाशीतल्या कंत्राटी कामगाराला निवृत्तीपर्यंत आधार देणे, गिऱ्हाईक तुटलेल्या दुकानदाराला दोन वर्षे तगवणे, केंद्राकडून मिळणाऱ्या सोयी गेल्यावर वसाहतीची व्यवस्था नगरपालिकेकडे नीट सोपवणे, या कामांतून कोणताही महसूल येत नाही. ती कर्जातून करायची म्हणजे उद्या त्याच जनतेच्या करातून परदेशी चलनात फेड करायची, आणि तोवर रँडचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या चलनाचा, भाव घसरला तर फेडीचा भार आणखी वाढणार. त्यामुळे कर्ज देणारा आणि घेणारा, दोघेही स्वाभाविकपणे परतावा देणाऱ्या कामाकडे वळतात. न्याय्य संक्रमणातील संक्रमणाला पैसा मिळतो आणि न्यायाचा भाग निधीच्या प्रतीक्षेत राहतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. पैशाचा प्रकारच काम निवडतो.

आराखड्याचे आकडे हेच दाखवतात. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी एकूण १.४८ लाख कोटी रँडची गरज त्यात मांडली होती. त्यातील जवळपास निम्मी वीज क्षेत्रासाठी होती; मोठे हिस्से हरित हायड्रोजन आणि नगरपालिकांच्या वीज व्यवस्थेकडे, तर त्याहून लहान हिस्सा विजेवरच्या वाहनांकडे गेला. कौशल्य विकासासाठी स्वतंत्रपणे दाखवलेली रक्कम २.७ अब्ज रँड होती, म्हणजे एका टक्क्याच्या पाचव्या भागाहूनही कमी. म्पुमलांगातील संक्रमणासाठी सुमारे साठ अब्ज रँड वीज क्षेत्राच्या रकमेतच धरले होते हे खरे; पण गरज मांडणे आणि निधी हाती असणे यांत फार अंतर होते, आणि त्या साठ अब्जांपैकी कोणत्या भागासाठी कोण अनुदान देणार हे घोषणेत कुठेही बांधलेले नव्हते.

दुसरी गुंतागुंत एस्कॉमची स्वतःची होती. कंपनीवर सुमारे ४०० अब्ज रँडचे कर्ज साचले होते. मेडुपी आणि कुसिले या दोन अवाढव्य कोळसा केंद्रांचा खर्च अंदाजापेक्षा कितीतरी वाढला आणि ती वर्षानुवर्षे रखडली, हे त्याचे एक प्रमुख कारण. मेडुपीसाठी २०१० मध्ये मोठे कर्ज दिले ते जागतिक बँकेनेच, ३.७५ अब्ज डॉलरच्या त्या कर्जाचा बहुतांश भाग या केंद्राकडे गेला होता. बारा वर्षांनी त्याच बँकेने, त्याच कंपनीला, कोळशातून बाहेर पडण्यासाठी पुन्हा कर्ज दिले. फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात सरकारला एस्कॉमसाठी २५४ अब्ज रँडची कर्जमुक्ती योजना आणावी लागली. अशा कंपनीच्या खांद्यावर आणखी कर्ज ठेवून तिच्याकडून समाजकार्याचीही अपेक्षा करणे, हा रचनेतलाच दोष होता असे मला वाटते.

कोमाटीत काय घडले

जागतिक बँकेच्या ४९.७ कोटी डॉलरपैकी जवळपास ४४ कोटी साधे कर्ज, ४.७५ कोटी कॅनडाच्या निधीतून आलेले सवलतीचे कर्ज आणि १ कोटी अनुदान होते. कामाच्या दृष्टीने पाहिले तर केंद्र उतरवण्यासाठी सुमारे ३.३५ कोटी, १५० मेगावॅट सौर, ७० मेगावॅट पवन आणि १५० मेगावॅट बॅटरी साठवण यांसाठी सुमारे ४१.६ कोटी, आणि कामगार व स्थानिक समाजासाठी ४.७५ कोटी अशी विभागणी होती. लोकांच्या वाट्याला दहा टक्क्यांहून किंचित कमी आले. भागीदारीच्या एकूण चित्राशी ताडून पाहिले तर हे प्रमाण वाईट म्हणता येणार नाही. पण प्रकल्प मंजूर झाला तेव्हा केंद्र आधीच बंद झालेले होते.

एस्कॉमने आपल्या कायम कर्मचाऱ्यांना कामावरून काढले नाही. त्यांतील अनेकांची बदली इतर केंद्रांत केली गेली, काही जण पुढच्या कामासाठी कोमाटीतच राहिले. कंपनी बंदीचा हिशेब मांडताना हे ठळकपणे सांगते, आणि ते खोटे नाही. मात्र वीजकेंद्रातील बरीच कामे, म्हणजे साफसफाई, सुरक्षा, वाहतूक, राखेची विल्हेवाट, नैमित्तिक दुरुस्ती, कंत्राटदारांमार्फत होत असत. कंत्राट संपले की तिथला माणूस एस्कॉमच्या कोणत्याही नोंदीत उरत नव्हता, म्हणून कोणत्याही योजनेचा लाभार्थीही होत नव्हता. बदली झालेल्या कुटुंबांनी गाव सोडले, त्यांच्याबरोबर त्यांची खरेदीही गेली, आणि वसाहतीतील लहान व्यवसायांना दुहेरी फटका बसला. मोजणीची चौकट कंपनीच्या हजेरीपटाएवढी ठेवली, तर नुकसान कमी दिसते. ती वस्तीएवढी केली की तेच नुकसान कितीतरी मोठे होते.

नव्या कामांची सुरुवात झाली नाही असे नाही. मोठ्या पेटाऱ्यांत सौर पटले आणि बॅटऱ्या बसवून दुर्गम वस्त्यांना वीज देणारे छोटे संच जोडण्याचे काम कोमाटीत सुरू झाले. पटलांच्या सावलीत भाजीपाला पिकवण्याचा प्रयोग झाला. केप पेनिन्सुला तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नवीकरणीय ऊर्जा केंद्राच्या साहाय्याने प्रशिक्षणाची सोय करण्यात आली. हे सर्व उपयुक्त आहे, पण त्यातून काम मिळालेल्यांची संख्या केंद्रावर अवलंबून असलेल्यांच्या तुलनेत अगदी थोडी होती. ज्यातून बांधकामाची मोठी रोजंदारी निर्माण झाली असती तो मुख्य सौर आणि पवन प्रकल्प बंदीनंतर दोन वर्षांनीही वीज देत नव्हता. शिवाय सौर प्रकल्पाचे स्वरूप लक्षात घ्यायला हवे: उभारणीच्या काळात बरेच हात लागतात, उभा राहिल्यावर फार थोडे. त्यामुळे उभारणीचा काळ आणि केंद्र बंद होण्याचा काळ एकमेकांवर आले असते तर निदान पहिली दोन-तीन वर्षे लोकांना आधार मिळाला असता. कोमाटीत या दोन काळांच्या मध्ये रिकामी जागा पडली आणि त्या जागेत लोकांचा विश्वास गेला.

अध्यक्षांनी नेमलेल्या हवामान आयोगाने नंतर कोमाटीत जाऊन रहिवासी, कामगार संघटना आणि एस्कॉम यांच्याशी बोलून शिफारशी दिल्या. समाजाशी संवाद उशिरा आणि अपुरा झाला, आणि पुढील केंद्रांच्या बाबतीत नियोजन बंदीच्या कितीतरी आधी सुरू व्हावे, हा त्यांचा मुख्य रोख होता. सरकारने आपल्याच आयोगाकडून अशी तपासणी करवून ती खुली करणे, ही या प्रकरणातील मनापासून दाद द्यावी अशी गोष्ट आहे. पण आयोगाच्या हाती सल्ला देण्यापलीकडे अधिकार नव्हता.

भारनियमनाच्या काळात घेतलेला निर्णय

बंदीची वेळ याहून वाईट असू शकली नसती. २०२२ मध्ये देशात दोनशेहून अधिक दिवस भारनियमन झाले. २०२३ मध्ये तर वर्षातील मोजके दिवस सोडले तर रोजच. दिवसातून सहा-आठ तास वीज जात असताना एक केंद्र कायमचे बंद होते आणि परदेशी पाहुणे त्याचे कौतुक करतात, हे दृश्य सामान्य माणसाला पचणे अवघड होते. ऊर्जामंत्री ग्वेडे मंताशे कोळशातून घाईने बाहेर पडण्याच्या विरोधात आधीपासूनच होते. मार्च २०२३ मध्ये नेमलेले वीजमंत्री कोसिएंत्शो रामोकगोपा यांनीही केंद्रांचा दौरा करून कोमाटीच्या बंदीवर बोट ठेवले.

वस्तुस्थिती पाहता १२१ मेगावॅटमुळे भारनियमनात फरक पडत नव्हता. भारनियमनाचा एक टप्पाच १,००० मेगावॅटचा असतो. टंचाई होती ती मोठी केंद्रे वारंवार बिघडत असल्यामुळे, आणि त्यामागे देखभालीतली हेळसांड, भ्रष्टाचार व नव्या क्षमतेत झालेला विलंब ही कारणे होती. तरीही कोमाटीवरचा राग समजण्यासारखा आहे. बंद केंद्राच्या जागी सौर पटले दिसत असती, तर हीच घटना टंचाईवरचा उपाय म्हणून मांडता आली असती. तशी ती दिसत नव्हती, त्यामुळे कोळशाच्या बाजूने बोलणाऱ्यांना एक तयार उदाहरण मिळाले आणि ते त्यांनी पुरेपूर वापरले.

याच काळात वीज निर्मितीत खरा बदल दुसरीकडून आला. खासगी वीजनिर्मितीला परवान्याशिवाय परवानगी देण्याची मर्यादा २०२१ मध्ये १ मेगावॅटवरून १०० मेगावॅट केली गेली आणि पुढे काढूनच टाकली. भारनियमनाला कंटाळलेल्या घरांनी आणि कारखान्यांनी छपरांवर सौर पटले बसवली. एस्कॉमच्याच अंदाजानुसार ही क्षमता मार्च २०२२ मधील सुमारे १,००० मेगावॅटवरून जून २०२३ पर्यंत ४,४०० मेगावॅटपर्यंत पोहोचली. कोणत्याही आंतरराष्ट्रीय करारापेक्षा एका नियमाच्या बदलाने जास्त वीज उभी केली. मात्र ही वीज ज्यांच्याकडे भांडवल होते त्यांच्या छपरांवर आली; म्पुमलांगातील कंत्राटी कामगाराच्या घरावर नाही.

पारेषणाचा, म्हणजे वीज दूरवर वाहून नेण्याचा, प्रश्नही याच सुमारास पुढे आला. सर्वांत चांगला वारा आणि ऊन केपच्या तीन प्रांतांत आहे, पण तिथल्या वाहिन्यांत जागा शिल्लक नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये नवीकरणीय ऊर्जेसाठीच्या सरकारी निविदांच्या सहाव्या फेरीत पवनऊर्जेला एकही प्रकल्प मिळाला नाही, तो याच कारणाने. म्पुमलांगात मात्र जुन्या केंद्रांपर्यंत आलेल्या जाड वाहिन्या आहेत, आणि केंद्र बंद झाले की त्या मोकळ्या होतात. ही जोडणी हीच कोमाटीची सर्वांत मोठी मालमत्ता आहे. तिचा वापर कोणाला, कोणत्या अटींवर द्यायचा, हे बंदीआधीच ठरवता आले असते.

जे भागीदार देशांनी घरी केले

हे अशक्य नव्हते, याचा पुरावा युरोपातच आहे. स्पेनने २०१८ मध्ये कोळसा खाणी बंद करण्यापूर्वी कामगार संघटनांशी करार केला. वयस्क खाणकामगारांना लवकर निवृत्ती, इतरांना प्रशिक्षण, आणि खाणींच्या परिसराच्या पुनर्स्थापनेची कामे त्यांनाच, अशी त्याची कलमे होती. तेरुएल प्रांतातील अंदोरा येथील वीजकेंद्र २०२० मध्ये बंद झाले तेव्हा मोकळी झालेली वाहिन्यांची क्षमता स्पेनने जास्तीत जास्त रोजगार आणि स्थानिक लाभ देऊ करणाऱ्याला, सामाजिक निकषांवर निविदा काढून दिली. जर्मनीने २०२० च्या कायद्याने कोळसा २०३८ पर्यंत बंद करण्याचे ठरवले आणि आपल्या कोळसा प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोपर्यंतच्या मदतीची तरतूद केली. हा सरकारी खर्च आहे, त्या प्रदेशांनी फेडायचे कर्ज नव्हे. दक्षिण आफ्रिकेला पाच भागीदारांनी मिळून देऊ केलेले सारे ८.५ अब्ज डॉलर, कर्जे धरूनही, त्याच्या पाव भागाएवढेदेखील होत नाहीत. स्वतःच्या कोळसा प्रदेशात जे सार्वजनिक पैशाने करावे लागते हे जर्मनीला पुरते माहीत आहे, ते अधिक गरीब देशाने कर्जातून करावे अशी अपेक्षा ठेवण्यामागचे तर्कशास्त्र मला पटत नाही.

भागीदारांच्या वागण्यातली दुसरी विसंगती २०२२ मध्येच दिसली. युक्रेन युद्धानंतर युरोपने रशियन कोळसा थांबवला आणि रिचर्ड्स बे बंदरातून युरोपकडे जाणारा दक्षिण आफ्रिकेचा कोळसा त्या वर्षी कित्येक पटींनी वाढला. युरोपची निकड खरी होती, हे मान्य करूनही म्पुमलांगातील खाणकामगाराला त्यातून काय संदेश गेला असेल, याचा विचार ग्लासगोत सह्या करणाऱ्यांनी करायला हवा होता. आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिका या भागीदारीतून बाहेर पडली. तिचा वाटा एक अब्ज डॉलरच्या थोडा वर होता, त्यातील बहुतेक व्यापारी स्वरूपाचा. दरम्यान नेदरलँड्स आणि डेन्मार्क सामील झाले होते आणि इतरांनी आपले आकडे वाढवले होते, त्यामुळे अमेरिकेच्या माघारीनंतरही जाहीर रक्कम मूळ आकड्यापेक्षा जास्त, सुमारे १२.८ अब्ज डॉलर राहिली. पण सरकार बदलले की करार सुटतो हे एकदा दिसल्यावर, तीस वर्षांची कामे अशा वचनांवर आखणे किती धोक्याचे आहे हे इंडोनेशिया आणि व्हिएतनाम यांनाही कळून चुकले.

कोमाटीनंतर

कॅमडेन, हेंड्रिना आणि ग्रूटव्ले ही तीन जुनी केंद्रे कोमाटीमागून बंद व्हायची होती. त्यांची मुदत आता २०३० पर्यंत वाढवण्यात आली आहे. हवामानाच्या दृष्टीने ही पीछेहाट आहे, आणि त्या केंद्रांभोवतीच्या हवेच्या दृष्टीने तर नक्कीच. जुलै २०२४ मध्ये देशाचा हवामान बदल कायदा मंजूर झाला, २०१९ पासून कार्बन कर लागू आहे, आणि २०३० पर्यंत वार्षिक उत्सर्जन ३५ ते ४२ कोटी टनांच्या दरम्यान आणण्याचे लक्ष्य आहे. त्याच्या वरच्या टोकाशी राहूनही हा विलंब कुठेतरी भरून काढावा लागेल.

पण ही मुदतवाढ वाया घालवायची की वापरायची, हे अजून ठरायचे आहे. वापरायची असेल तर करण्याची कामे कोमाटीने नेमकी दाखवली आहेत. तिन्ही केंद्रांतील कंत्राटी कामगारांची, पुरवठादारांची आणि ट्रकचालकांची नावानिशी नोंद आजच व्हायला हवी, कारण कंत्राटे संपल्यावर ती करता येत नाही. वाहिन्यांवरील मोकळ्या होणाऱ्या जागेच्या निविदा बंदीआधी निघाव्यात आणि त्यांत स्थानिक रोजगाराला गुण असावेत. नवा प्रकल्प किमान उभारणीच्या टप्प्यात आल्याशिवाय शेवटचा संच थांबवू नये. वसाहतीतील सेवा कोणाकडे आणि कोणत्या तारखेला जाणार हे लेखी ठरावे. आणि वाढलेल्या १२.८ अब्ज डॉलरपैकी अनुदानाचा वाटा किती आहे, त्यातला किती प्रांतापर्यंत पोहोचतो, याचा हिशेब भागीदारांनी दरवर्षी जाहीर करावा. यांतल्या पहिल्या चार गोष्टी दक्षिण आफ्रिकेच्या हातात आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही. पाचवी तिच्या हातात नाही. बाकू येथील २०२४ च्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचे मान्य केले, परंतु त्यातील किती पैसा परत न करण्याचा असेल याची किमान मर्यादा तिथेही घातली गेली नाही.